साखळी कोणी काढली, किल्ली कोणाकडे राहिली? मानसिक संकटातून गेलेल्या माणसांनी उभारलेल्या आश्रयघरांचा इतिहास

१/२४
मानसोपचाराच्या इतिहासावरील असंख्य पुस्तकांत एक चित्र हटकून छापलेले आढळते. तोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकाराने ते १८७६ साली रंगवले. स्थळ पॅरिसचे साल्पेत्रिएर रुग्णालय. डॉ. फिलिप पिनेल मध्यभागी उभे आहेत आणि मनोरुग्ण स्त्रियांच्या साखळ्या काढल्या जात आहेत. मुक्तिदाता डॉक्टर आणि कृतज्ञ रुग्ण ही मांडणी इतकी प्रभावी ठरली, की मनोरुग्णांच्या मुक्तीचा इतिहास पुढे बहुधा याच चौकटीत सांगितला गेला. या धाग्याचा विषय त्या चौकटीबाहेर राहिलेली माणसे हा आहे.

२/२४
वस्तुस्थिती अशी, की पॅरिसजवळच्या बिसेत्र येथे साखळ्या प्रथम निघाल्या तेव्हा, म्हणजे १७९७ मध्ये, पिनेल तिथे नव्हतेच. दोन वर्षांपूर्वीच ते साल्पेत्रिएरला गेले होते. बिसेत्रमधील साखळ्या काढल्या त्या जाँ-बातिस्त प्युसाँ याने. हा मूळचा चामडे कमावणारा कारागीर. गंडमाळेचा रुग्ण म्हणून तो १७७१ मध्ये बिसेत्रला दाखल झाला, बरा झाल्यावर तिथेच राहिला आणि कालांतराने मनोरुग्णांच्या विभागाचा प्रमुख झाला. पिनेल यांनी आपल्या ग्रंथात प्युसाँचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. विसर पडला तो नंतरच्या पिढ्यांना.

३/२४
प्युसाँचा आजार शरीराचा होता, मनाचा नव्हे. हा फरक पुसून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्याची एक पद्धत फार महत्त्वाची आहे. विभागातील सेवक नेमताना तो बऱ्या झालेल्या रुग्णांना प्राधान्य देत असे. ज्याने स्वतः त्या खाटेवर रात्री काढल्या आहेत, तो दुसऱ्यावर सहसा हात उगारत नाही, हे त्याने अनुभवातून ओळखले होते. प्युसाँ आणि त्याची पत्नी मार्गरित यांनी या विभागाचा कारभार मिळून पाहिला. ‘समदुःखी माणूस हाच उत्तम सोबती’ या विचाराचे हे आधुनिक संस्थेतील एक आरंभीचे उदाहरण होय.

४/२४
धाग्याचे प्रतिपादन थोडक्यात असे : मानसिक संकटातील माणसाजवळ कसे बसावे, याचे बरेचसे ज्ञान त्या संकटातून गेलेल्यांनीच घडवले. व्यवस्थेने ते वेळोवेळी उचलले. परंतु निर्णयाचा अधिकार मात्र त्यांच्या हाती क्वचितच दिला. रुग्णालयाला पर्याय म्हणवणारे घर खरोखर पर्याय आहे की नाही, हे इमारतीच्या रंगावरून किंवा कर्मचाऱ्यांच्या गोड बोलण्यावरून ठरत नाही. दाराची किल्ली कोणाकडे आहे, यावरून ते ठरते. पुढील दोन शतकांचा इतिहास याच कसोटीवर तपासता येतो.

५/२४
पहिला टप्पा इंग्लंडमधला. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांची १८१२ मध्ये संसदेच्या आवारात हत्या झाली. त्यांचा मुलगा जॉन थॉमस पर्सिव्हल १८३१ ते १८३४ या काळात दोन खाजगी वेडगृहांत बंदिस्त होता. बाहेर आल्यावर त्याने आपला अनुभव दोन ग्रंथांत लिहिला. पंतप्रधानाचा मुलगाही तिथे पट्ट्यांनी बांधला जाऊ शकतो, त्याच्या बोलण्याला काडीचीही किंमत उरत नाही, हे त्यातून सुशिक्षित इंग्लंडला कळले. कुलीनता आणि शिक्षण यांचे कवच वेडाचा शिक्का बसताच गळून पडते, ही जाणीव या लेखनाच्या केंद्रस्थानी आहे.

६/२४
१८४५ साली लंडनमध्ये ‘अ‍ॅलेज्ड ल्युनॅटिक्स फ्रेंड सोसायटी’ स्थापन झाली. वेडगृहांतून सुटलेले लोक, त्यांचे आप्त आणि सहानुभूतीदार तिचे सभासद होते. नावातील ‘अ‍ॅलेज्ड’, म्हणजे ‘तथाकथित’, हा शब्द मुद्दाम निवडलेला दिसतो. ज्यांना वेडे ठरवले गेले त्यांचे हे मित्रमंडळ, असा त्याचा रोख. पर्सिव्हल त्याचा चिटणीस झाला. मंडळाने अन्याय्य बंदिवासाची प्रकरणे लढवली आणि कायदेबदलाची मागणी केली. मात्र भर होता तो सुटकेवर. सुटलेल्या माणसाने संकटात पुन्हा जायचे कुठे, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित होता.

७/२४
त्या प्रश्नाचे एक साधे उत्तर सुमारे शंभर वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये आकाराला आले. १९४० च्या दशकात रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधील काही रुग्णांनी आपसात एक गट बांधला. बाहेर पडल्यावरही ते भेटत राहिले. जागा नव्हती, म्हणून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बैठका भरत. गटाचे नाव ‘वी आर नॉट अलोन’, म्हणजेच ‘आपण एकटे नाही’. उपचार नाही, तपासणी नाही. भेटणे, ओळख ठेवणे आणि एकमेकांना काम व घर शोधून देणे एवढाच त्यांचा कार्यक्रम होता.

८/२४
हितचिंतकांच्या मदतीने १९४८ मध्ये या गटाला घर मिळाले. अंगणात कारंजे असल्याने त्याचे नाव पडले ‘फाउंटन हाउस’. १९५५ मध्ये जॉन बिअर्ड हे समाजकार्यकर्ते संचालक झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत या ‘क्लबहाउस’ नमुन्याचा जगभर प्रसार झाला. हजारोंना त्याचा लाभ झाला, हे निर्विवाद. पण संस्थेची धुरा आता व्यावसायिकांकडे गेली होती. पायऱ्यांवर बसणाऱ्यांनी सुरू केलेले काम इतिहासात बहुतेकदा संचालकाच्या नावे नोंदले गेले. प्युसाँ आणि पिनेल यांच्या बाबतीत घडले, त्याचीच ही दुसरी आवृत्ती म्हणावी लागेल.

९/२४
१९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५९ हजार माणसे होती. नवी औषधे, खर्चकपात आणि बदललेली धोरणे यांमुळे ही संख्या पुढे झपाट्याने घटली. खाटा कमी झाल्या. पण समाजात पुरेशी सोय मात्र उभी राहिली नाही. त्याच काळात कृष्णवर्णीयांचे आणि स्त्रियांचे लढे पेटले होते. ‘आमच्याविषयी आमच्याशिवाय निर्णय का?’ हा प्रश्न हवेतच होता. १९७० मध्ये ओरेगनमधील पोर्टलंड येथे, तर १९७१ मध्ये न्यूयॉर्क आणि बॉस्टन येथे माजी रुग्णांच्या मुक्तिसंघटना उभ्या राहिल्या.

१०/२४
तरीही सर्वांत ठोस प्रयोग घडला तो कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये. तेथील एका दिवसा चालणाऱ्या उपचारकेंद्रातील काही रुग्णांनी आत्महत्या केल्या. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी केंद्राला कुलूप असे. माणसाचे मन मात्र कार्यालयीन वेळ पाळत नाही. उरलेल्या रुग्णांनी एकमेकांचे दूरध्वनी क्रमांक घेतले, इतके साधे पाऊल उचलले. लॅनी बेकमन या रुग्णाच्या पुढाकाराने १९७१ मध्ये त्यातून ‘मेंटल पेशंट्स असोसिएशन’ जन्मली. ज्या वेळी तज्ज्ञ उपलब्ध नसत, नेमक्या त्या वेळेची जबाबदारी रुग्णांनी स्वतःकडे घेतली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

११/२४
या संघटनेने सातही दिवस उघडे राहणारे बैठकीचे केंद्र, राहण्यासाठी सामायिक घरे आणि स्वतःचे वार्तापत्र चालवले. कारभाराची रीत अशी, की पगारी समन्वयक निवडणुकीने नेमले जात आणि निर्णय सर्वसाधारण सभेत होत. काल रुग्णालयातून आलेल्या व्यक्तीलाही तिथे मत होते. ज्याच्या जेवणाखाण्याचा आणि झोपेचा निर्णयही कालपर्यंत इतर घेत होते, त्याने आज अंदाजपत्रकावर हात वर करणे, हाच इथला उपचार होता असे म्हणता येईल. ही संस्था आजही ‘एमपीए’ या आद्याक्षरांनी काम करते. त्यांतला ‘मेंटल पेशंट्स’ हा विस्तार मात्र मागे पडला आहे.

१२/२४
याच शहरात १९७४ ते १९७६ या काळात ‘व्हँकुव्हर इमोशनल इमर्जन्सी सेंटर’ नावाचे छोटे घर चालत होते. संकटातील मोजक्या व्यक्ती तिथे राहत. सोबतीला असत व्यावसायिक पदवी नसलेली माणसे. जुडी चेंबरलिन ही अमेरिकन स्त्री तिथे राहिली. गर्भपातानंतरच्या नैराश्यात १९६६ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये स्वेच्छेने रुग्णालयात गेली होती. पुढे तिला इच्छेविरुद्ध काही महिने डांबण्यात आले. व्हँकुव्हरच्या घरात तिला रडण्याची, ओरडण्याची आणि रात्रभर कोणाला तरी जवळ बसवून घेण्याची मुभा मिळाली. अनुदान संपले आणि ते घर बंद झाले.

१३/२४
१९७८ मध्ये चेंबरलिनचा ‘ऑन अवर ओन’ हा ग्रंथ आला. त्यात तिने पर्यायी सेवांचे तीन प्रकार मांडले. ‘भागीदारी’त रुग्णाला सामील केले जाते, पण सूत्रे व्यावसायिकांकडे राहतात. ‘आधारा’च्या प्रकारात माजी रुग्ण आणि इतर सामान्य माणसे समान पातळीवर एकत्र काम करतात. ‘स्वतंत्र’ प्रकारात कारभार केवळ माजी रुग्णांचा असतो. पहिल्या प्रकाराकडे ती संशयाने पाहते, कारण त्यात शब्द बदलतात आणि सत्ता जागच्या जागी राहते. सुमारे पाच दशकांपूर्वीची ही वर्गवारी आजच्या कोणत्याही योजनेला लावून पाहावी. ती जुनी वाटत नाही.

१४/२४
लंडनमध्ये १९७३ साली ‘मेंटल पेशंट्स युनियन’ स्थापन झाली. कामगार संघटनांच्या देशात रुग्णांनी ‘युनियन’ हा शब्द निवडावा, यात त्यांची राजकीय भूमिका स्पष्ट होते. या संघटनेनेही हॅकनी भागात सदस्यांसाठी आश्रयाचे घर चालवले. त्याआधी १९६५ ते १९७० या काळात आर. डी. लेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्याच किंग्जली हॉलमध्ये केलेला प्रयोग जगभर गाजला. लेंग यांच्यावर अनेक पुस्तके निघाली. रुग्णांच्या संघटनेचा इतिहास मात्र दीर्घकाळ पत्रकांत आणि टंकलिखित कागदांतच पडून राहिला. ज्याच्याकडे ग्रंथालये, त्याचा इतिहास टिकतो.

१५/२४
या चर्चेत ‘सोटेरिया’चे नाव अपरिहार्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील मानसोपचारतज्ज्ञ लोरेन मोशर यांनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे एका जुन्या घरात हा प्रयोग उभा केला. स्किझोफ्रेनियाचे निदान नुकतेच झालेले सहाएक तरुण तिथे एका वेळी राहत. कर्मचारी अव्यावसायिक, औषधांचा वापर शक्य तितका कमी. काम एकच : माणसाच्या ‘सोबत असणे’. स्वयंपाक, झाडलोट, फेरफटका आणि भीतीच्या लाटेत तासन्‌तास शेजारी बसणे. १९८३ मध्ये निधीअभावी ते बंद पडले. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे लुक चोंपी यांनी त्याच धर्तीचे घर सुरू केले.

१६/२४
सोटेरिया माजी रुग्णांच्या हाती नव्हते. प्रवर्तक डॉक्टरच होते. तरीही त्याचे महत्त्व आहे, कारण इथे पर्यायाची मोजमापाने तुलना झाली. अशा घरांविषयीच्या तीन नियंत्रित अभ्यासांचा, एकूण २२३ व्यक्तींचा, आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की कमी औषधे वापरूनही परिणाम नेहमीच्या उपचारांइतके, काही बाबतींत त्याहून चांगले आढळले. संख्या लहान आहे. मोठे दावे तिच्यावर पेलणार नाहीत. पण ‘पदवी नसलेला माणूस अशा संकटात काहीच करू शकत नाही’ हे विधान त्यानंतर सहजपणे करता येत नाही.

१७/२४
सत्तेचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे सोडवला तो बर्लिनने. १९८० मध्ये तिथे ‘इरेन-ऑफेन्सिव्ह’ हा माजी रुग्णांचा गट सुरू झाला. नेदरलँड्समध्ये त्या काळी मनोरुग्णालयातून पळून आलेल्यांना आसरा देणारी घरे होती. तसे घर आपल्याकडेही हवे, असा ध्यास बर्लिनच्या कार्यकर्त्यांनी घेतला. अनेक वर्षे निधी आणि परवानगीसाठी खेटे घातल्यावर १९९६ मध्ये ‘वेगलाउफहाउस’, शब्दशः ‘पळून येण्याचे घर’, उघडले. त्यासाठी झटलेली टीना श्टोकले ते पाहण्यापूर्वीच वारली. घराला तिचे नाव दिले आहे : ‘व्हिला श्टोकले’.

१८/२४
या घराची रचना अभ्यासण्यासारखी आहे. जागा तेरा. कर्मचाऱ्यांपैकी निदान निम्मे स्वतः मनोरुग्णालयाचा अनुभव घेतलेले. निदानाचा शिक्का दाराबाहेर राहतो आणि रहिवाशाविषयी लिहिलेली नोंद रहिवाशाला वाचता येते. विशेष म्हणजे खर्च आरोग्यखात्यातून न घेता बेघरांसाठीच्या सामाजिक साहाय्याच्या कायद्यातून मिळवला गेला. आरोग्यखात्याचा पैसा आला की निदान, उपचार-आराखडा आणि डॉक्टरांची सही मागोमाग येतात, हे संस्थापकांनी ओळखले होते. अनुदानाचा मथळा संस्थेचा स्वभाव ठरवतो, हा धडा प्रशासनाच्या इतिहासकारांनी नोंदवावा असा आहे.

१९/२४
पुढे इंग्लंडमधील लीड्स येथे १९९९ मध्ये भुक्तभोगींच्या नेतृत्वाखालील संकटसेवा सुरू झाली. अमेरिकेत ‘पीअर रेस्पाइट’ या नावाची छोटी घरे निघाली. यांतला पुरावा केवळ हृद्य आठवणींचा नाही. कॅलिफोर्नियात ३९३ व्यक्तींची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून एका अभ्यासात तुलना झाली : एक गट कुलूपबंद रुग्णालयात, दुसरा माजी रुग्णांनी चालवलेल्या निवासी केंद्रात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटातील लक्षणांत अधिक सुधारणा झाली आणि समाधानही अधिक आढळले.

२०/२४
आक्षेप गंभीर आहेत, आणि ते टाळू नयेत. जिवाला तात्काळ धोका असेल, शरीराचा आजार मेंदूवर परिणाम करत असेल, तर रुग्णालयच हवे. औषधे अनेकांना जगवतात. ती अचानक बंद करणे घातक ठरू शकते. रात्र-रात्र जागणारे सोबती स्वतः थकतात, कधी त्यांच्या जुन्या जखमा उघडतात. ही घरे लहान असतात आणि लहानच चांगली चालतात, त्यामुळे लाखोंची गरज एकट्याने भागवू शकत नाहीत. पण हे आक्षेप ‘पर्याय नको’ असे सांगत नाहीत. पर्यायाला पैसा, प्रशिक्षण आणि रुग्णालयाशी सन्मानाचे नाते हवे, एवढेच त्यांतून सिद्ध होते.

२१/२४
आता भारताकडे. १८५८, १९१२, १९८७ आणि २०१७ असे चार मोठे कायदे आपल्याकडे झाले. यांपैकी पहिल्या दोघांचा आत्मा बंदिवासाचा. पण रुग्णालयाबाहेर सारे मंगलच असते, हा भ्रमही इतिहास ठेवत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेली २८ माणसे जळून मेली. तेही एका अर्थी रुग्णालयाला ‘पर्याय’च होते. बिसेत्रमध्ये साखळ्या निघाल्याला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. इमारत बदलली, किल्ली मात्र दुसऱ्याच्याच कमरेला राहिली.

२२/२४
मराठी समाजाला समदुःखी माणसाच्या ज्ञानाचे मोल ठाऊक नाही, असे म्हणता येत नाही. १९८६ मध्ये डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, पु. ल. देशपांडे त्यामागे उभे राहिले. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे पुढे समुपदेशक आणि कार्यकर्ते झाली, आणि घरोघरच्या पालकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. दारू सुटलेल्याचा शब्द आपण प्रमाण मानतो. उन्मादातून किंवा तीव्र नैराश्यातून सावरलेल्याच्या शब्दाला मात्र आपण ‘पूर्वी वेडा होता’ म्हणून खोडतो. हा भेद वैद्यकाचा नाही, लाजेचा आहे.

२३/२४
पुण्यातच १९९९ मध्ये भार्गवी दावर यांनी ‘बापू ट्रस्ट’ उभारला. आईच्या रूपाने मनोरुग्णालये त्यांनी लहानपणीच पाहिली होती. शहरातील गरीब वस्त्यांत शेजारपाजाराचा आधार उभा करण्याचे काम या संस्थेने केले. २०१७ च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आणि केंद्रीय प्राधिकरणात मानसिक आजाराचा अनुभव असलेल्यांना दोन जागा दिल्या. पण त्याच कायद्यातील ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ची व्याख्या इतकी व्यापक आहे, की माजी रुग्णांनी चालवलेले चार खाटांचे घरही नोंदणीच्या बाबतीत रुग्णालयाच्या रांगेत उभे राहू शकते. बर्लिनने टाळलेला सापळा तो हाच.

२४/२४
मागणी म्हणून अवाजवी नाही : जिल्ह्याच्या ठिकाणी एखादे छोटे घर, कायद्यात त्यासाठी वेगळी वर्गवारी, नियमित निधी, जवळच्या रुग्णालयाशी ठरलेले नाते आणि व्यवस्थापनात बहुमत त्या वाटेने गेलेल्यांचे. या घरांच्या इतिहासात कुलूप बहुधा लागले ते अनुदान संपल्यामुळे, ही नोंद धोरणकर्त्यांनी विसरू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठीही एक काम शिल्लक आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर येथील मनोरुग्णालयांचे प्रशासकीय अहवाल वाचले जातात. तिथून घरी परतलेल्यांच्या आठवणी अद्याप पुरेशा टिपलेल्या नाहीत. त्या सांगणारी माणसे वृद्ध होत आहेत.

(आज कोणाला तातडीने आधाराची गरज असल्यास शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. धागा समाप्त.)